वाळवंटातला वारा : गॅनन नावाच्या खलपुरुषाची सदतीस वर्षं



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. आधी प्रकृतीची चौकशी झाली. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते व्हिडिओ गेमचं काय ऐकतोय? पत्रिका छापताना काही गोंधळ झालाय का?" (हशा) गोंधळ झालेला नाही. गेल्या वर्षी याच मालिकेत आम्ही अनिष्टाच्या समस्येवर बोललो. ऑगस्टीन, लायब्निझ, कांट अशी मोठी माणसं त्यात होती. पण खरं सांगायचं तर त्या तयारीच्या दिवसांत आमच्या डोक्यात घोळत होता तो खलपुरुष यांपैकी कुणाच्या ग्रंथातला नव्हता. तो आमच्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवरचा होता. त्याचं नाव गॅनन.

टाळेबंदीत आमची नात आमच्याकडे अडकली. तेरा वर्षांची पोर, बाहेर जायची सोय नाही. जावयांनी आणलेली दोन खेळयंत्रं होती, एक जुनं, एक नवं. ती खेळायची आणि आम्ही शेजारी आरामखुर्चीत. आम्ही एकही बटण दाबलेलं नाही हे आधीच कबूल करतो. कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखे आम्ही बसलो आणि पाहिलं. पुढं तिच्याकडून जुने खेळही दाखवून घेतले. तेव्हा आज जे बोलतोय ते श्रोत्याचं बोलणं आहे, खेळाडूचं नव्हे.

खेळाचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा'. जपानच्या क्योतो शहरातल्या निन्टेंडो कंपनीचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ही त्यामागची दोन मुख्य माणसं. पहिला खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये आला. हायरूल नावाचं राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, हिरव्या टोपीतला लिंक नावाचा पोरगा आणि गॅनन. एवढंच सामान. तीन सोनेरी त्रिकोण आहेत, त्यांना ट्रायफोर्स म्हणतात. एक बळाचा, एक शहाणपणाचा, एक धैर्याचा. गॅननने बळाचा त्रिकोण चोरला आणि राजकन्येला डांबलं. का? तर तो वाईट म्हणून. खेळासोबतच्या पुस्तिकेतही याहून जास्त उत्तर नाही.

आणि आम्हाला त्यात काही कमी वाटत नाही. लोककथेतल्या राक्षसाला कारण नसतंच. बकासुराला कुणी विचारतं का, बाबा रे, तुला गाडाभर अन्न का लागतं? त्या पहिल्या खेळातली एक गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. शेवटच्या लढाईत गॅनन दिसतच नाही. अदृश्य असतो. लिंक हवेत तलवार मारत सुटतो, लागली की क्षणभर ते डुकराच्या तोंडाचं निळं धूड दिसतं, पुन्हा गडप. शेवटी चांदीचा बाण लागतो आणि राख उरते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो, आणि आपल्याला कुणी पाहत नाही म्हटल्यावर तो काय काय करतो, असा तिथला प्रश्न. मियामोतोंच्या मनात प्लेटो होता असं आमचं म्हणणं नाही. पण अदृश्य बळ ही दुष्टपणाची फार जुनी खूण आहे, आणि ती इथं कुणी न सांगता येऊन बसली.

१९८७ च्या दुसऱ्या खेळात तर गॅनन नाहीच. राख झालेला आहे. त्याचे चेले लिंकचं रक्त त्या राखेवर शिंपडायला टपलेत, म्हणजे तो परत उठेल. आता गंमत बघा. खेळाडू मेला, खेळ हरला, की पडद्यावर त्याची आकृती येते, हसते आणि गॅनन परतला असं लिहून येतं. म्हणजे संपूर्ण खेळात हा खलपुरुष कुठं राहतो? खेळाडूच्या चुकीत. तुम्ही चुकला नाहीत तर तो नाही. ऑगस्टीन म्हणतो की अनिष्टाला स्वतःचं अस्तित्व नाही, ते इष्टाचा अभाव आहे. आम्ही पस्तीस वर्षं हे मत फळ्यावर लिहिलं. त्याला इतकं सोपं उदाहरण हाताशी असतं तर दोन-चार मुलं जास्त पास झाली असती. (हशा)

१९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये पहिल्यांदा कळतं की हे डुक्कर मुळात माणूस होतं. चोरांच्या टोळीचा म्होरक्या. टोळीला सोन्याच्या भूमीची वाट सापडली, यानं आपल्याच साथीदारांना मारलं आणि ट्रायफोर्सला हात लावला. ती भूमी मग काळोखाची झाली. त्या काळोख्या जगाचा नियम असा की आत जाणाऱ्याला त्याच्या मनासारखं रूप मिळतं. हावरट माणसं तिथं जनावरं झाली. गॅनन डुक्कर आहे कारण तो मनानं डुक्कर आहे. पाच वर्षांपूर्वी काढलेल्या चित्राला आता कारण मिळालं. आणि आपला नायक लिंक तिथं पाऊल ठेवतो तेव्हा काय होतो? गुलाबी ससा! आमची नात यावर खूप हसली. आम्ही मात्र थोडे गंभीर झालो. शूर पोराचं मन आतून सशाचं आहे, असं त्याच्याच खेळानं सांगावं यात मोठं धाडस आहे. त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

मग १९९८. 'ऑकरिना ऑफ टाइम'. इथं गॅननला माणसाचा चेहरा मिळाला आणि पूर्ण नावही प्रत्यक्ष समोर आलं, गॅननडॉर्फ. छोटा लिंक आणि छोटी झेल्डा राजवाड्याच्या खिडकीतून आत डोकावतात. आत एक उंच, सावळा, लाल केसांचा माणूस हायरूलच्या राजापुढं गुडघे टेकून बसलाय. निष्ठेची शपथ घेतोय. तो मान वळवतो आणि खिडकीकडे बघतो. बस. दोन-चार क्षणांचं दृश्य आहे, पण आमच्या मते या मालिकेतला खलपुरुष तिथं जन्मला. आधीचा गॅनन हल्ला करायचा. हा नमस्कार करतो.

तो वाळवंटातल्या गेरूडो लोकांचा राजा. या लोकांत सगळ्या बायका. शंभर वर्षांत एकच पुरुष जन्मतो आणि रिवाजाप्रमाणे तोच राजा होतो. आता इथं आम्हाला तक्रार करायची आहे. हिरव्या, सुपीक राज्यातली गोरी माणसं भली, आणि वाळवंटातली सावळी, नाकेली, चोरी करून जगणारी माणसं संशयित. ही मांडणी कुठून येते ते आपल्याला शिकवायला नको. त्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत गेरूडोंचं चिन्ह चंद्रकोर आणि तारा होतं. अग्निमंदिराच्या संगीतात इस्लामी प्रार्थनेसारखे आवाज होते. नंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही बदलले. गॅननचं लाल रक्तही पुढं हिरवं केलं. चूक दुरुस्त केली, चांगलं केलं. पण चिन्ह बदललं तरी कथेचा नकाशा तोच राहिला. त्याच खेळात नबूरू नावाची गेरूडो स्त्री आहे, ती गॅननडॉर्फच्या विरोधात उभी राहते. बायकापोरांना लुटणारा, माणसं मारणारा हा आपला राजा तिला मान्य नाही. एवढी एक खिडकी लेखकांनी उघडी ठेवली, तिचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

प्लेटोचा विषय निघालाच आहे तर ट्रायफोर्सचंही बोलून घेऊ. या खेळात सांगितलंय की ज्याच्या मनात बळ, शहाणपण आणि धैर्य यांचा समतोल नाही त्यानं हात लावला तर त्रिकोण फुटतात, आणि त्याचा ज्यावर विश्वास तेवढाच तुकडा त्याच्या हाती राहतो. गॅननडॉर्फच्या हाती बळ राहिलं. बाकीचे दोन झेल्डा आणि लिंककडं गेले. प्लेटोच्या यादीत शहाणपण आहे, धैर्य आहे, संयम आहे आणि न्याय आहे. इथं संयमाच्या जागी बळ आलं. न्याय मात्र गेला नाही, तो 'समतोल' या शब्दात लपून बसला. प्लेटोही न्याय म्हणजे आत्म्याच्या भागांतला मेळ असंच म्हणतो. आणि कळीचा मुद्दा असा की पवित्र भूमीचं दार गॅननडॉर्फनं उघडलंच नाही. त्याच्या आधी तिथं पोचायचं म्हणून ते झेल्डाच्या बेताप्रमाणे लिंकनं उघडलं. भल्या मुलांच्या दूरदृष्टीनं चोराला वाट मिळाली. लिंक सात वर्षं झोपून राहिला आणि जागा झाला तेव्हा राज्य गेलेलं होतं.

या खेळाच्या शेवटापासून कथेला फाटे फुटतात. २०११ साली कंपनीनंच एका पुस्तकात तीन फाट्यांचा कालक्रम दिला. नायक जिंकून भूतकाळात परत गेला तो एक, तो निघून गेल्यावर मागं उरलेला काळ तो दुसरा, आणि नायक हरला तो तिसरा. म्हणजे एकाच माणसाची तीन नशिबं. त्यातल्या दुसऱ्या फाट्यावर आम्हाला जास्त वेळ थांबायचं आहे.

डिसेंबर २००२ मध्ये जपानात 'द विंड वेकर' आला. चित्रं लहान मुलांच्या कार्टूनसारखी. त्या वेळी पुष्कळ खेळाडू रागावले होते म्हणे, की हे काय बालवाडीचं काम. आतली कथा मात्र म्हातारपणाची आहे. गॅननडॉर्फ बंदिवासातून सुटला, नायक आलाच नाही, म्हणून देवांनी हायरूल पाण्याखाली बुडवलं. आता सगळा समुद्र आणि त्यात डोंगरमाथ्यांची बेटं. बेटांवरच्या लोकांना पायाखाली काय आहे याचा पत्ता नाही. गॅननडॉर्फ टोकदार कानांच्या मुली पळवतोय, कारण त्यांच्यात त्याला झेल्डा शोधायची आहे. लिंकची बहीणही त्यात उचलली जाते. हे विसरू नका. तो पोरी पळवणारा माणूस आहे. पुढं आम्ही त्याच्याबद्दल जे बोलणार आहोत त्यानं हे पुसलं जात नाही.

शेवटाकडं तो समोर येतो तेव्हा तो वयस्कर झालाय. अंग सुटलंय, केसांत ताठा नाही, पायघोळ वस्त्रं घातलीत. तो लढत नाही, बोलतो. म्हणतो, माझा देश वाळवंटात होता. दिवसा तिथला वारा भाजून काढायचा, रात्री गारठवायचा. वाऱ्याबरोबर मरण यायचं. आणि हायरूलच्या हिरव्या रानांवरून जो वारा वाहायचा त्यात वेगळंच काही असायचं. मला तो वारा हवासा वाटला असावा. शब्द त्यांचे वेगळे आहेत, आशय एवढाच. त्या 'असावा'मध्ये सगळं आहे. या माणसाला स्वतःलाही आता नीट आठवत नाही की आपण हे सगळं कशासाठी सुरू केलं.

आमचं गाव माणदेशातलं. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही विशीत होतो. गावातली सगळी माणसं, आमची आईसुद्धा, खडी फोडायला जायची. महादेव डोंगराच्या माथ्यावर उभं राहिलं की पलीकडं फलटणच्या बाजूला कालव्याखालचा ऊस दिसायचा. हिरवागार. मधे एक डोंगर, बाकी काही नाही. त्या हिरव्या रंगाकडं बघताना पोटात जे व्हायचं त्याला भूक म्हणायचं की राग, हे आम्हाला त्या वेळी कळलं नाही. पुढं तत्त्वज्ञानात पदव्या घेतल्या तरी कळलं नाही. आणि पन्नास वर्षांनी एका जपानी खेळातला खलपुरुष ते आमच्यापुढं बोलून दाखवत होता. आम्ही खुर्चीत सरसावून बसलो.

पुढं काय होतं ते सांगतो. तीनही त्रिकोण एकत्र येतात. गॅननडॉर्फ देवांना साकडं घालतो की या बुडालेल्या भूमीला पुन्हा ऊन दाखवा, हायरूल मला द्या. पण त्याच्याआधी दुसराच एक म्हातारा त्रिकोणांवर हात ठेवतो. तो हायरूलचा बुडालेला राजा. तो मागतो की हे राज्य कायमचं धुऊन जाऊ दे आणि या पोरांना त्यांचं भविष्य मिळू दे. गॅननडॉर्फ खदाखदा हसतो. वरून समुद्र कोसळायला लागतो आणि त्या पाण्यात शेवटची लढाई होते. या खेळात तो डुक्कर होत नाही. डुकराचं सोंग एका कळसूत्री बाहुल्याला दिलंय, तो स्वतः माणूस राहतो आणि माणूस म्हणूनच मरतो. कपाळात तलवार, वाऱ्याबद्दल दोन शब्द, आणि दगड.

इथं आम्हाला आपल्या पुराणातला वराह आठवला. समुद्रात बुडालेली पृथ्वी दातांवर उचलून वर आणणारा. ज्याचं मूळ रूपच डुकराचं, असा खलपुरुष बुडालेली जमीन पाण्याबाहेर काढायला मागतो आणि भला राजा ती बुडवायला मागतो! क्योतोतल्या मंडळींनी हे ठरवून केलं असेल असं मुळीच वाटत नाही. पण एका परंपरेत जे उद्धाराचं काम, ते दुसरीकडं अपराध कसं होतं, हे पाहायला ही जागा चांगली आहे. राजाही मरताना कबूल करतो की मीही गेलेल्या राज्यालाच चिकटून जगलो, त्या बाबतीत मी आणि गॅननडॉर्फ सारखेच. एक दगड झालेला, एक बुडालेला, दोघे म्हातारे समुद्राच्या तळाशी राहतात.

कांट म्हणतो की माणसाच्या इच्छा मुळात वाईट नसतात, दुष्टपणा असतो तो क्रमात. नैतिक नियम वर आणि स्वतःचं सुख खाली, हा क्रम माणूस उलटा करतो. गॅननडॉर्फला हे बरोब्बर लागू पडतं. हिरवा वारा हवासा वाटणं यात पाप नाही. पण आपल्या लोकांसाठी हवा असलेला वारा कधीतरी 'मला द्या' झाला. त्याच्या शेवटच्या मागणीत गेरूडो कुठं आहेत? त्यांचं नाव नाही. तिथं तो आमच्या हातून सुटतो.

हे सगळं आम्ही त्या दिवशी नातीला समजावून सांगत होतो. शेवटची लढाई चालू होती. तिनं खेळ थांबवला आणि विचारलं, "आबा, मग मारायचं का याला?"

आम्ही आयुष्यभर वर्गात सांगत आलो की स्पष्टीकरण वेगळं आणि समर्थन वेगळं. एखाद्यानं गुन्हा का केला हे कळणं म्हणजे त्याला क्षमा करणं नव्हे. हे वाक्य आम्ही तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, "ते कळलं. पण मारायचं का?" आम्ही गप्प बसलो. थोडा वेळ तिनं वाट पाहिली आणि म्हणाली, "मारलं नाही तर खेळ संपतच नाही." आणि बटण दाबलं.

कादंबरी आणि खेळ यांतला भेद आम्हाला त्या वेळी कळला. कादंबरीत खलपुरुष समजला तरी वाचकाचे हात मोकळे असतात. मारायचं काम लेखक करतो, आपण पान उलटतो. खेळात ते पोरीच्या अंगठ्याला करावं लागतं. म्हणून खेळातल्या खलपुरुषाला खरं कारण देणं फार महागात पडतं. आमचा आजचा मुख्य दावा हाच आहे की २००२ मध्ये या मालिकेनं ती किंमत एकदा मोजली आणि त्यानंतर मागं हटली. कशी, ते आता भराभर पाहू.

२००६ चा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा पहिला फाटा. भूतकाळात परतलेल्या लिंकनं इशारा दिल्यामुळं गॅननडॉर्फचा कट आधीच उघड झाला. ऋषी त्याला साखळदंडात बांधून मृत्युदंड देतात. छातीत तलवार खुपसतात. बळाच्या त्रिकोणानं तो मरत नाही, एका ऋषीला मारतो, मग घाबरून त्याला संधिप्रकाशाच्या जगात ढकलून देतात. ज्या राज्यबळकावणीसाठी दंड, ती या फाट्यावर घडलेलीच नाही. दुसऱ्या काही गोष्टी त्यानं केलेल्या होत्या हे खरं, जंगलातल्या देकू वृक्षाला शाप देऊन मारलं हे त्यातलं एक. तरीही न झालेल्या अपराधाची शिक्षा हा केवढा मोठा प्रश्न! आणि हायरूलनं आपला नको असलेला माणूस दुसऱ्यांच्या जगात नेऊन टाकला, त्याची फळं त्या जगाला भोगावी लागली, हा त्याहून मोठा. खेळ दोन्हींना स्पर्श करतो आणि पुढं निघून जातो. गॅननडॉर्फ मरतो तो उभ्यानं, हे दृश्य मात्र बघण्यासारखं आहे.

२०११ चा 'स्कायवर्ड सोर्ड' सगळ्यांच्या आधीची कथा सांगतो. डिमाइज नावाचा आदिम असुर मरताना शाप देतो की माझा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल आणि तुमच्या वंशजांचा पिच्छा पुरवील. म्हणजे गॅनन कोण, तर त्या शापाचं फळ. आपल्याकडं जय-विजयांची कथा आहे. वैकुंठाचे द्वारपाल शापानं तीन जन्म घेतात, हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सेमच." सेम नाही. जय-विजय हे मुळात देवाच्या दारचेच, आणि तीन जन्मांनी सुटणारे. वैराच्या वाटेनं का होईना, घरी परतणारे. डिमाइजच्या शापाला शेवट नाही, आणि गॅननला परतायला घरही नाही. शिवाय शापानंच सगळं ठरलं म्हटलं की वाळवंटातल्या वाऱ्याचं काय राहिलं? त्या माणसाला जे हवं होतं ते त्याचं नव्हतंच, कुणा असुराचं उसनं होतं, असं झालं. आमच्या लेखी ही पळवाट आहे. दुष्टाला नशिबाच्या हवाली केलं की त्याचा अपराधही जातो आणि त्याची तक्रारही जाते.

तक्रार गेली, पुढं चेहराही गेला. मार्च २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. हा खेळ म्हणून अप्रतिम आहे, आमच्यासारख्या बघ्यालाही डोंगर चढल्यासारखा दम लागतो. पण त्यातला गॅनन म्हणजे राजवाड्याभोवती घोंघावणारा काळा-गुलाबी धूर. शंभर वर्षं तिथंच. बोलत नाही, मागत नाही. शेवटच्या लढाईत त्याच्याविषयी झेल्डा जे सांगते त्यात इंग्रजी आणि जपानी पाठ एकमेकांच्या उलट आहेत. इंग्रजीत म्हटलंय की त्यानं पुन्हा जन्मण्याचा नाद सोडला. जपानीत आशय असा की परत येण्याचा हट्ट न सोडल्यामुळं त्याचं हे रूप झालं. एकाच धुरानं एका भाषेत आशा सोडली आणि दुसरीत सोडली नाही! ज्या खलपुरुषाच्या मनाबद्दल इतकं उलटसुलट लिहिता येतं आणि खेळाला कुठंही धक्का लागत नाही, त्याला मनच उरलेलं नाही असं आम्ही समजतो.

याच खेळात एक सुंदर जागा आहे. उर्बोसा नावाची गेरूडोंची प्रमुख. गॅनन कधीकाळी गेरूडोच्या रूपात वावरला हे तिला माहीत आहे आणि म्हणून ही लढाई तिला स्वतःची वाटते. हजारो वर्षांपूर्वीच्या एका माणसाची लाज ती अंगावर घेते. आपल्या समाजातल्या एकानं काही केलं की सगळ्यांनी पुढं येऊन निष्ठा सिद्ध करायची, हे आपण आजूबाजूला बघतोच. हायरूलच्या कुणा सरदाराला असं करावं लागल्याचं आम्हाला तरी दिसलं नाही.

१२ मे २०२३ ला 'टिअर्स ऑफ द किंग्डम' आला. तोवर आमची नात पुण्यात शिकायला होती, सुट्टीत यंत्र घेऊन आली. राजवाड्याखाली खोल तळघरात वाळून कोळ झालेलं एक प्रेत, त्याच्या छातीवर एक तोडलेला हात. ते प्रेत मान वळवतं. आम्ही दोघंही दचकलो. गॅननडॉर्फ परत आला, माणूस म्हणून परत आला, याचा आम्हाला चक्क आनंद झाला. आता बोलेल, असं वाटलं.

बोलला, पण काय? गतकाळाच्या दृश्यांत तो हायरूलचा पहिला राजा रौरू याच्यापुढं गुडघे टेकतो. पुन्हा तेच नाटकी वंदन, पंचवीस वर्षांपूर्वीच्या खिडकीतलं. मग कपटानं राणी सोनियाला मारतो, तिचं दिव्यरत्न घेतो, असुरराज होतो. हातात एवढी शक्ती असून ती न वापरणाऱ्या राजाबद्दल त्याला तिरस्कार आहे. वाळवंट, वारा, आपले लोक, यांतलं काही नाही. आता या रौरूकडं बघा. तो आकाशातून उतरलेल्या वंशाचा, सामर्थ्याची रत्नं त्याच्या घराण्याकडं, आणि त्यानं आसपासच्या सगळ्यांना एका राज्याखाली आणलंय. फक्त गेरूडो बाहेर आहेत. आमच्या मनात साधा प्रश्न आला की त्यांनी आत का यावं? या प्रश्नासाठी त्या कथेत भरपूर जागा होती. एक संवाद पुरला असता. लेखकांनी तो गॅननडॉर्फच्या तोंडी दिला नाही, कारण दिला असता तर पुन्हा कुणाच्या तरी नातीनं खेळ थांबवला असता.

एका गोष्टीसाठी मात्र या खेळाला मानतो. दिव्यरत्न गिळलं की माणूस अमर ड्रॅगन होतो, पण स्वतःला विसरतो. झेल्डा ते गिळते, तुटलेली तलवार युगानुयुगं अंगावर वागवून सांधण्यासाठी. शेवटी हरायला लागल्यावर गॅननडॉर्फही गिळतो. दोघांनी एकच किंमत दिली. आकाशात दोन ड्रॅगन, दोघांनाही आपण कोण हे आठवत नाही, एकाच्या पाठीवर लिंक उभा आहे. १९८६ मध्ये बळाचा त्रिकोण चोरणारा हा माणूस शेवटी बळासाठी स्वतःलाच देऊन टाकतो. बळ राहिलं, ते हवं असणारा कुणी राहिला नाही. त्या प्रसंगात आम्हाला जुना, वाऱ्याबद्दल बोलणारा म्हातारा क्षणभर दिसला. झेल्डाला कथा परत माणूस करते. त्याचा स्फोट होतो.

कुणी म्हणेल, प्राध्यापक महाराज, मुलांचा खेळ आहे, तुम्ही कांट कशाला लावता? (हशा) रास्त आहे. नुसता राक्षस असलेल्या खेळाबद्दल आम्ही हे म्हटलं नसतं. पहिल्या खेळाला आम्ही कारण मागितलं नाही. पण एकदा त्या माणसाला बोलू दिलंत, आमच्यासारख्यांनी ते ऐकलं, आणि मग वीस वर्षं तुम्ही त्याला कधी धूर केलंत, कधी शाप केलंत. मग विचारावंसं वाटतं.

सप्टेंबर २०२४ च्या 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये पहिल्यांदा झेल्डा स्वतः नायिका झाली, नातीला फार आनंद झाला. त्यात सुरुवातीलाच गॅनन येतो, डुकराच्या रूपात. पुढं कळतं की तो खरा नव्हताच. शून्यातून आलेल्या दुसऱ्याच एका शक्तीनं केलेली ती नक्कल होती.

नात हल्ली फोनवर विचारते, पुढच्या खेळात तो कसा येईल, आबा, पैज लावता का? आम्ही लावली आहे. ती म्हणते पुन्हा डुक्कर. आम्ही म्हणालो, गेरूडोंच्या गावातलं एखादं लहान पोर, शंभर वर्षांनी जन्मलेला मुलगा, अजून काहीच न केलेला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तसं केलं तर मी खेळणार नाही." आणि लगेच, "नाही, खेळीन."

वेळ संपली आहे, संयोजक घड्याळ दाखवताहेत. थांबतो आम्ही. प्रश्न असतील तर खाली चहाच्या वेळी बोलू.